फ्लश मोठा की स्ट्रेट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा, की मी पोकरच्या हातांचा, म्हणजे पानांच्या संचांचा, क्रम उलटा दिला: तीन पानांच्या खेळात सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरला (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी एकाच रंगाची पानं) हरवते, मग इथे फ्लश (पोकरमधला कलर) स्ट्रेटच्या (पोकरमधल्या सिक्वेन्सच्या) वर कसा? दुसरं, सगळा नशिबाचा खेळ असताना बेटिंगवर, म्हणजे चिप्स लावण्यावर, एवढं का लिहिलं?

क्रम बरोबर आहे. जो हात दुर्मीळ, तो मोठा. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तिथे सिक्वेन्स वरचढ. पाच पानं घेतली की हात होतात २५,९८,९६०, आणि त्यांत स्ट्रेट १०,२०० तर फ्लश फक्त ५,१०८. पारडं फिरलं! पडताळून पाहा: एका रंगाच्या १३ पानांतून पाच निवडायचे १,२८७ मार्ग, चार रंगांचे ५,१४८, त्यांतून ४० स्ट्रेट फ्लश, म्हणजे ओळीने आणि एकाच रंगाचे हात, वजा करा. स्ट्रेटमधलं प्रत्येक पान कुठल्याही रंगाचं चालतं, त्यामुळे पानं वाढली तरी त्याला वाव राहतो. फ्लशला मात्र चौथं आणि पाचवं पानही त्याच रंगाचं लागतं, आणि त्या रंगाची पानं तोवर कमी झालेली असतात. हा हिशेब मला पोकरमधली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशी सात पानं असतात, पण तिथेही फ्लश साधारण ३ टक्के वेळा लागतो, स्ट्रेट ४.६ टक्के. (एक अपवाद आहे: सात पानांत काहीच न जुळण्यापेक्षा एक जोडी जास्त वेळा जमते, तरी जोडीच मोठी. क्रम पाच पानांवरूनच बसवलेला आहे.)

आता नशीब. एखाद्या डावात ते सगळ्यांवर मात करतं, हे खरं. पण बाकीच्यांनी फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकून डाव सोडला, की उरलेला खेळाडू पानं न दाखवताच पॉट (मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स) घेतो. तिथे पानांचा प्रश्नच येत नाही. आणि हे उदाहरण बघा. पॉटमध्ये १०० चिप्स आहेत, समोरच्याने ५० लावल्या. तुमच्याकडे बदामाची चार पानं जमलीत, फक्त रिव्हर, म्हणजे टेबलावरचं शेवटचं पान, यायचं आहे, आणि बदाम आला तरच तुम्ही जिंकणार. न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९, म्हणजे २० टक्क्यांहूनही थोडी कमी शक्यता. १५० मिळवायला ५० घालायच्या तर किमान २५ टक्के (एकूण २०० पैकी ५०) हवेत. म्हणून फोल्ड, बदाम आल्यावर समोरचा आणखी बऱ्याच चिप्स देईल असं वाटत असेल, तरच कॉल, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालायच्या. हे दर डावाला ठरवावं लागतं, म्हणून बेटिंगवर एवढं लिहिलं आणि ते कमी करणार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, दोघांचेही फ्लश असले तर इस्पिक मोठा का? नाही. पोकरच्या हातांत रंगांना लहानमोठेपणा नसतो. ज्याचं वरचं पान मोठं तो जिंकतो, ते सारखं असेल तर पुढचं पाहायचं, आणि पाचही सारखी निघाली तर पॉट वाटून घ्यायचा.