भूक बाळाला कळते: ‘आजीचे सहा उपाय’ या मेसेजला उत्तर

‘मूल नीट जेवत नाही? आजीचे सहा खात्रीचे उपाय’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तीनदा आला, तिन्ही वेळा मी दुर्लक्ष केलं. चौथ्यांदा तो माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि रात्री बहिणीचा फोन आला, “ताई, उद्यापासून बाळाला मध चाटवायचं म्हणतायत.” बाळ अडीच महिन्यांचं आहे. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: पहिल्या महिन्यापासून रोज मध चाटवा, बुद्धी तल्लख होते आणि भूक लागते. वर्षानंतर दुधात हेल्थ ड्रिंक घाला, उंची वाढते. नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असतं, म्हणून दूध कमी करा. जेवताना मोबाईल लावून द्या आणि ताट संपल्याशिवाय उठू देऊ नका. तापात जेवण बंद, फक्त चहा-बिस्किट. तरीही खाल्लं नाही तर मेडिकलमधून भूक वाढवणारं सिरप आणा. आणि शेवटी, ‘डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बुडेल.’

आधी मध, कारण यात बाळाचा जीव जाऊ शकतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची सुप्त रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र उपयोगी जिवाणूंची वस्ती अजून पुरती झालेली नसते. तिथे हे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. ते विष नसांकडून स्नायूंना मिळणारा संदेश अडवतं. सुरुवात बहुतेकदा बद्धकोष्ठाने होते. मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, मान आणि अंग ढिलं पडतं, आणि वेळीच दवाखाना गाठला नाही तर श्वासाचे स्नायूही थकतात.

“पण आमचा मध शुद्ध आहे, ओळखीच्या माणसाने पोळं काढून दिलाय.” शुद्धतेचा इथे काही संबंध नाही. बीजाणू मातीत, धुळीत असतात, तिथून ते मधात येतात. घरी मध गरम करून ते मरत नाहीत. त्यामुळे वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाला लावूनही नाही, गुटी उगाळायलाही नाही आणि बारशाच्या दिवशी सोन्याच्या काडीनेही नाही.

“आम्हा सगळ्यांना चाटवला, काय झालं?” हा प्रश्न मला आमच्याच घरात तीन जणींनी विचारला. हा आजार दुर्मीळ आहे, मान्य. बहुतेक बाळांना काही होत नाही, हेही मान्य. पण पूर्वी घरात एखादं बाळ मलूल होत होत गेलं, तर कशाने गेलं हे कोणी तपासत होतं का? आणि एवढा धोका पत्करून बाळाला मिळतं काय? मधाने बुद्धी वाढल्याचा कुठेही पुरावा नाही. अडीच महिन्यांच्या बाळाला लागणारं सगळं आईच्या दुधात आहे, पाणीसुद्धा.

हे माझं मत नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. एकूण सतरा आहेत. तिसरं सांगतं, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. चौथं सांगतं, सहा महिन्यांनंतर लगेच घरी केलेला मऊ, दाटसर आहार सुरू करा. ज्यांना ‘डॉक्टर सांगणार नाहीत’ असं वाटतं त्यांनी ही पुस्तिका उघडावी. सरकारी संस्थेची आहे आणि फुकट मिळते.

आता हेल्थ ड्रिंक. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही. जे नाव कायद्यात नाही, त्याच्या भरवशावर आपण मुलांची उंची वाढवायला निघालो आहोत. मी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला डब्याची मागची बाजू वाचायला बसवलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, एवढंच त्याला सांगितलं. यादीत साखर कितवी आहे हे त्याने स्वतः शोधलं आणि विचारलं, “मग पुढे मुलगा उंच का काढलाय?” हा प्रश्न मुलाला पडला, की आपलं अर्धं काम झालं. त्या पुस्तिकेतलं सतरावं तत्त्व नेमकं लेबल वाचायला सांगणारं आहे.

नाचणीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजाने का होईना, कबूल करते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. पण मूल शंभर ग्रॅम नाचणी खातं का? दोन चमचे पीठ म्हणजे जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम, त्यातून पन्नासेक मिलिग्रॅम मिळणार. कपभर दुधातून दोनशेच्या वर. नाचणी जरूर द्या, दूध तोडू नका.

तापात चहा-बिस्किट देणं चूकच आहे. आजारी मुलाला थोडं-थोडं, वारंवार, मऊ भात, वरण, पेज द्यावी. बाळ अंगावर पीत असेल तर पाजणं थांबवू नये. भुकेच्या सिरपबद्दल एवढंच सांगते, की त्यातल्या अनेकांत अॅलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध असतं. डॉक्टरांना न विचारता ते दुकानातून आणू नका.

मोबाईल आणि ताट संपवण्याची सक्ती मात्र एका ओळीत सोडवत नाही. पडद्याकडे बघणाऱ्या मुलाच्या तोंडात घास जातो, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही. वर ‘संपव’ म्हणून आपण ती जाणीव आणखी पुसतो. मध, पावडर, मोबाईल, सिरप, या सगळ्याच्या मुळाशी एकच समज आहे, की मुलाला स्वतःची भूक कळत नाही. ती कळते. काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे आपण ठरवायचं, किती खायचं हे मुलाने. दुधीची भाजी त्याने आज बाजूला सारली तर परवा पुन्हा चमचाभर वाढायची. नवी चव रुळायला आठ-दहा वेळाही लागू शकतात आणि तोवर कोणी ओरडायचं नाही.

हे सगळं मी बहिणीच्या सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग इतकुशा बाळाला भूक लागलीय, पोट भरलंय, हे कळायचं कसं?” प्रश्न रास्त होता. मूठ तोंडाशी नेतं, तोंड उघडून इकडेतिकडे शोधतं, ती भूक. रडण्यापर्यंत थांबायचं नाही, ते उशिराचं लक्षण आहे. पोट भरलं की ओढणं मंदावतं, मूठ सैल पडते, तोंड बाजूला होतं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढीच्या कार्डावरच्या रेषेने चढत असेल, तर बाळाला पुरतंय. त्या म्हणाल्या, “वजन कधी करायचं ते सांग, मी घेऊन जाते.”