चार प्लगसाठी अख्खा दिवस?

पुन्हा तेच! सकाळी गाडी सुरू होताना जरा अडखळली, की शोरूमवाला म्हणणार, "साहेब, गाडी ठेवून जा." मग भर उन्हात होटगी रोडवर रिक्षा शोधत फिरायचं. संध्याकाळी बिल कशाचं? इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या चार स्पार्क प्लगचं, त्यात प्लगपेक्षा मजुरी जास्त! वर "इग्निशन कॉइलपण बदलून घ्या," म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती. का म्हणून? ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहिली का? मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, तिच्यामागे तिकडे गेला तर कॉइल खराब. पाच मिनिटांचं काम, पण कोण करणार?

बास झालं. रविवारी इंजिन गार असताना मीच बॉनेट उघडलं. कनेक्टर काढला, दहाचा बोल्ट सोडला, कॉइल वर ओढली, लांब सॉकेटने प्लग बाहेर. टोक झिजून गोल झालेलं, वर काळी काजळी! नवा प्लग आधी नुसत्या हाताने फिरवत बसवला, पाना शेवटी आणि बेतानेच. इंजिनाच्या हेडमधले, प्लग बसतो तिथले आटे गेले की मोठा खर्च, हे कधी कुणी सांगितलं आम्हाला? अर्ध्या तासात चारही झाले. एका झटक्यात गाडी सुरू!

निकेलचे साधे प्लग साधारण 30-40 हजार किलोमीटरला बदलतात. माझ्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतच छापलाय. मग दरवेळी आम्हाला अडाणी का समजता?