वायरलेस लागत नाही म्हणून लगेच सेट बदलू नका

परतवाडा-धारणी भागातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय, गाडीत बसवलेल्या, माइकचं बटण दाबून बोलायच्या वायरलेस सेटबद्दल. "गाडीतला वायरलेस दूर जात नाही? सेट म्हातारा झाला. २५ वॅटचा काढा, ५० चा लावा, रेंज दुप्पट. अँटेना जेवढा लांब तेवढा चांगला. करंट लायटरच्या सॉकेटातून घ्या. मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते सांगणारा आकडा, १ च्या जवळ तेवढा चांगला) दीडच्या आत आला की अँटेना-केबल ओके. इंजिनाबरोबर कुंई-कुंई आवाज आला की सेट गेलाच." हे वाचून लोक दुकानात येतात आणि थेट नवा सेट मागतात. विकायला माझं काय जातं? पण राजेहो, बहुतेक वेळा बिघाड सेटात नसतोच.

आधी ५० वॅटचं बघू. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते. जमिनीलगत, झाडीतून तर साधारण सोळापट. म्हणजे २५ चे ५० केले तर सपाटीवर अंतर फार तर पाचव्या हिश्श्याने वाढेल. सेमाडोहच्या खोऱ्यात गाडी उभी असेल आणि मध्ये डोंगराची सोंड आडवी असेल, तर ५० काय नि १०० काय. तिथं दोनशे मीटर पुढं चढावर जाऊन बोललेलं जास्त कामाचं. शिवाय तुमचे वॅट वाढले म्हणून समोरचा तुम्हाला जास्त ऐकू येत नाही. आणि परवान्यात जेवढे वॅट लिहिले असतील तेवढेच लावायचे असतात, हे मेसेजवाल्याने गाळलंय.

लांब अँटेनाची गोष्ट अर्धी खरी. अँटेनाची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते. १५० मेगाहर्ट्झला लहर २ मीटरची, तिचा पाव भाग ५० सेंटीमीटर. काडी जवळपास तेवढीच लागते. सव्वा मीटरची अँटेना मिळते, सपाटीला चांगली चालते. पण ती ताकद क्षितिजाकडे दाबून पाठवते. रिपीटर (आपलं बोलणं पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) चिखलदऱ्यासारख्या उंच पठारावर आणि गाडी त्याच्या थेट पायथ्याशी असेल, तर छोटी काडीच बरी. लांबीपेक्षा खालचा पत्रा महत्त्वाचा. बोलेरोच्या टपाच्या मधोमध अँटेना उत्तम चालते. उघड्या जिप्सीला टपच नाही, मग ती पाइपाला क्लॅम्प करतात आणि क्लॅम्पखाली रंगाचा जाड थर असतो. अर्थिंग मिळणार कुठून? रंग चकाकेपर्यंत खरवडा, मल्टीमीटरची एक पिन क्लॅम्पला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. एक ओहमच्या आत यायला हवं.

आता एसडब्ल्यूआर. लोकांना सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा हाच. मीटर लावतात सेटाच्या मागे, केबल जाते टपावर. पावसाळ्यात अँटेनाच्या बुडाशी पाणी शिरतं, केबलच्या आतल्या तांब्याच्या जाळीतून केशवाहिनीसारखं आत ओढलं जातं आणि ती जाळी काळी-हिरवी पडते. अशी केबल तुमची ताकद वाटेतच खाते. वर जाताना खाते, अँटेनाकडून परतणारीही खाते. मीटरपर्यंत परत काही येतच नाही, म्हणून काटा दाखवतो १.२. लोक म्हणतात, झकास! प्रत्यक्षात टपावर काही पोचलेलंच नसतं. याची परीक्षा सोपी आहे: सेट लो पॉवरवर ठेवा, टपावरची काडी काढा, माइकचं बटण एक सेकंद दाबून सोडा. चांगल्या केबलवर काटा पार वर उडायला हवा. काडी नसतानाही १.७ दाखवत असेल, तर केबल चारातले तीन हिस्से गिळतेय. तिचं सोल्डर करत बसू नका, अख्खी बदला. "पाऊस आला की रेंज जाते" असं म्हणतात ना, त्यातही पावसाचा दोष नाही. या फ्रिक्वेन्सीवर पावसाच्या थेंबांनी काही अडत नाही. अडतं ते केबलमधल्या पाण्यानं.

लायटरच्या सॉकेटाचं तर सांगायलाच नको. २५ वॅटचा सेट बोलताना साधारण ६-७ अँपिअर ओढतो. सॉकेटातली स्प्रिंग ढिली, तार बारीक, ०.३ ओहमचा अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथंच जातात. लक्षण ओळखीचं आहे: ऐकू सगळं येतं, पण बटण दाबलं की डिस्प्ले मंदावतो किंवा सेट बंद होऊन परत चालू होतो. सेटाच्या मागच्या तारेवर मीटर लावून, बटण दाबून बघा. १३.८ चे ११ झाले तर दोष तारेचा. जाड तार थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीजवळ ठेवा. २४ व्होल्टच्या ट्रकात दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ घेणारे महाभाग आहेत. ती बॅटरी कमी भरते, दुसरी जास्त, आणि दोन्ही लवकर मरतात. तिथं २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच हवा.

कुंई-कुंईचं उत्तर थोडक्यात. रेस वाढवली की सूर चढतो, म्हणजे तो अल्टरनेटरचा आवाज. इंजिन चालू ठेवून अँटेनाची पिन काढा. आवाज तसाच राहिला तर तो पॉवरच्या तारेतून येतोय, गेला तर अँटेनातून. सेट निर्दोष.

सेट खरंच जात नाही असं नाही. डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, सगळी ताकद पिऊन घेणारा रेझिस्टर) आणि वॅटमीटर लावा. २५ च्या जागी ३ वॅट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेला समजा. तोही बरेचदा अँटेना तुटलेली असताना फुल पॉवरवर तासन् तास बोलल्याने जातो. म्हणून नवा सेट घेतलात तरी त्याच सडक्या केबलला जोडू नका.