अल्गोला भावना नसतात हे मान्य, पण हिशोब तर करा

गेल्या दोन महिन्यांत अल्गो, म्हणजे ठरलेल्या नियमांनी आपोआप ट्रेड करणारं सॉफ्टवेअर, भाड्याने देणाऱ्याचा एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. आधी शाळेच्या बॅचच्या, मग सोसायटीच्या, मग ऑफिसच्या, आणि शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी टाकला आणि खाली लिहिलं, "तू हेच करतोस ना? बघ जरा, घेऊ का?" म्हटलं आता चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, एकदा बसून सगळं लिहूनच टाकतो.

मेसेज थोडक्यात असा. बाजारावर नजर ठेवणारी सेबीच म्हणते की एफ अँड ओ मध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, दहातले नऊ जण पैसे घालवतात, कारण ते भावनेच्या भरात ट्रेड करतात. मोठ्या संस्थांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोने येतो. आमची सिस्टिम बँक निफ्टी (बँकांच्या शेअरचा इंडेक्स) वीकलीवर, म्हणजे दर आठवड्याला संपणाऱ्या ऑप्शनवर, पाच वर्षं बॅकटेस्ट केलेली (जुन्या भावांवर चालवून बघितलेली) आहे, ८७ टक्के दिवस प्रॉफिटचे. प्रत्येक ट्रेडला स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला बाहेर पडायची ऑर्डर), म्हणून रिस्क फिक्स. महिन्याला ५ टक्के. सेबी अप्रूव्ड. लावा आणि विसरा. भाडं महिन्याला फक्त ४,९९९.

एक सांगून टाकतो, मी अल्गोच्या विरोधातला माणूस नाही. २०२१ पासून मी नियमानेच ट्रेड करतोय, आधी एक्सेल, मग मोडकंतोडकं पायथन. नऊ वीसचा स्ट्रॅडल मीही चालवलाय, म्हणजे सकाळी ९:२० ला अॅट द मनी (इंडेक्सच्या त्या क्षणीच्या भावाजवळचे) कॉल (भाव वर जाईल यावरचा ऑप्शन) आणि पुट (खाली जाईल यावरचा) दोन्ही विकायचे, दोघांना वेगवेगळा स्टॉपलॉस, सव्वातीनला जे असेल ते बंद. मेसेजमधली सिस्टिम त्याचीच चुलत बहीण आहे. त्यामुळे कुठे काय दुखतं ते मला ठाऊक आहे.

पहिला मुद्दा भावनेचा. सेबीचे आकडे खरे आहेत, सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, आणि पुढे २०२५ या आर्थिक वर्षात ९१ टक्के लोक तोट्यात आणि निव्वळ तोटा सुमारे १.०५ लाख कोटी. पण "भावनेमुळे" हा शब्द मेसेजवाल्याने पदरचा घातलाय. सेबीने खाती मोजली, मनं नाही मोजली. २०२४ च्या त्या अभ्यासात एक आकडा आहे जो हे लोक कधी फॉरवर्ड करत नाहीत, २०२४ या वर्षात माणशी सरासरी २६ हजार रुपये नुसत्या ब्रोकरेज आणि चार्जेसमध्ये गेले. आता रोज न चुकता चार ऑर्डर मारणारी सिस्टिम लावली तर भावना जातील, चार्जेस जाणार नाहीत, उलट वाढतील, कारण माणूस निदान कंटाळून एखाद दिवस सुट्टी तरी घेतो.

आणि भावना तरी कुठे जातात? माझ्या जर्नलमध्ये दोन कॉलम आहेत, एक सिस्टिमने काय केलं असतं आणि दुसरा मी प्रत्यक्षात काय केलं. ३ जून २०२४ ला, एक्झिट पोलनंतर, निफ्टी तीन टक्क्यांच्या वर उडाला होता आणि त्या रात्री मी ठरवलं की उद्या निकाल आहे, अल्गो बंद. नियमात असं काही लिहिलेलं नव्हतं, फक्त पोटात गोळा आला होता. ४ तारखेला निफ्टी जवळपास ६ टक्के पडला आणि मी बाहेर बसून चहा पीत बघत होतो. इतका शहाणा वाटलो ना स्वतःला! आणि तिथेच वाट लागली, कारण त्यानंतर मला सवयच लागली, बजेट आहे बंद करा, काल लॉस झाला आज नको, सलग चार दिवस लॉस आता थोडं थांबू. पुढच्या सहा महिन्यांत मी १९ दिवस स्विच बंद ठेवला आणि दोन कॉलम शेजारी लावले तर त्या १९ मधले १३ दिवस सिस्टिमसाठी फायद्याचे होते. म्हणजे भावना ट्रेडमधून उठली आणि स्विचवर जाऊन बसली. भाड्याच्या अल्गोत तर हे आणखी जोरात होतं, कारण नियम आपण बनवलेला नसतो, तो का चालतो हे माहीत नसतं, मग तिसऱ्या लॉसला माणूस सबस्क्रिप्शन बंद करून दुसरी शोधतो.

दुसरा, मोठ्यांचा नफा अल्गोने येतो. हेही खरं, सेबीच्याच त्याच अभ्यासात २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांचा ९७ टक्के आणि प्रॉप डेस्कचा (स्वतःच्याच पैशांनी ट्रेड करणाऱ्या संस्थांचा) ९६ टक्के नफा अल्गोतून आलेला आहे. पण त्यांचा सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात रॅकवर असतो, त्यांना ऑर्डरमागे वीस रुपये ब्रोकरेज नसतं, आणि त्यांच्याकडे नियमामागे काहीतरी धंदा असतो, मार्केट मेकिंग (खरेदी-विक्री दोन्हीचे भाव देत राहणं) असेल, आर्बिट्राज (दोन ठिकाणच्या भावांतल्या फरकावर कमावणं) असेल. आडात असेल तर पोहऱ्यात येणार. कोड हा नुसता पोहरा आहे. शहरातल्या बड्या केटररकडे मोठी भट्टी आहे म्हणून आपण भट्टी आणली तर आपल्याला लग्नाच्या ऑर्डरी येत नाहीत. (आणि त्या आडात कधी कधी काय असतं तेही बघून घ्या, जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीवरचा सेबीचा ३ जुलै २०२५ चा अंतरिम आदेश, ४,८४३ कोटी रुपये जप्तीचा. कंपनीने आरोप नाकारलेत, पण तो आदेश वाचताना बँक निफ्टीच्या एक्सपायरीला (ऑप्शन संपायच्या दिवशी) समोर कोण बसलेलं असतं याची कल्पना येते.)

आता बॅकटेस्ट, इथे जरा थांबू, कारण खरी गंमत इथे आहे. पहिली गोष्ट, बँक निफ्टी वीकली आता अस्तित्वातच नाही! सेबीने १ ऑक्टोबर २०२४ ला सर्क्युलर काढलं, प्रत्येक एक्स्चेंजला एकाच इंडेक्सवर वीकली ठेवायची परवानगी, एनएसईने निफ्टी ठेवली आणि बँक निफ्टीची शेवटची वीकली एक्सपायरी १३ नोव्हेंबर २०२४ ला झाली. म्हणजे जो घोडा मेलाय त्याच्या शर्यतीचे निकाल दाखवून तिकीट विकताहेत. कोणी म्हणेल तेच नियम निफ्टीवर चालतील. चालतील कदाचित, पण मग निफ्टीची बॅकटेस्ट दाखवा ना.

दुसरी गोष्ट, ९:२० च का? ९:१७ का नाही, ९:३५ का नाही? मी एकदा दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळी कॉम्बिनेशन चालवली होती, एंट्रीच्या १५ वेळा, स्टॉपलॉसच्या १० वेगवेगळ्या टक्केवाऱ्या, बाहेर पडायच्या ६ वेळा, म्हणजे ९०० सिस्टिम. त्यातली सगळ्यात भारी जी आली तिचा ग्राफ काय सुंदर, शिडी लावल्यासारखा सरळ वर! घरात सगळ्यांना दाखवला. मग मी जी दोन वर्षं मुद्दाम बाजूला ठेवली होती, त्यांच्यावर तीच सिस्टिम चालवली तर ती ९०० मध्ये कुठेतरी मधोमध जाऊन बसली, खर्च धरला तर मायनसमध्ये. नऊशे माणसांना नाणी उडवायला सांगा, कोणाचा तरी सलग दहा वेळा छापा पडू शकतो, त्याला आपण नाणेतज्ज्ञ म्हणत नाही. मेसेजमधली सिस्टिम किती कॉम्बिनेशनमधून निवडली हे विचारा, उत्तर येणार नाही.

तिसरी गोष्ट भावाची. बॅकटेस्ट कॅंडलचा क्लोज, म्हणजे त्या त्या मिनिटाचा शेवटचा भाव, धरते. माझ्या शीटमध्ये एका सकाळी पुटचा ९:२० चा भाव १४८.६० होता आणि मला प्रत्यक्षात मिळाला १४६.१५. एका लेगला (दोनपैकी एका ऑप्शनला) अडीच रुपये. रोज एवढं जात नाही, पण अर्धा रुपया धरा. निफ्टीचा लॉट (एका सौद्यातली ठरलेली संख्या) ७५ चा होता तेव्हाचा हिशोब देतो, कॉलचा भाव १००, पुटचा १००, एक लॉट. चार ऑर्डरचे ८० रुपये ब्रोकरेज, विकलेल्या प्रीमियमवर (ऑप्शनच्या किमतीवर) ०.१ टक्का एसटीटी, हा सरकारी कर, म्हणजे १५ रुपये (ऑक्टोबर २०२४ च्या आधी हा ०.०६२५ होता, जुन्या बॅकटेस्टमध्ये तोच असतो), एक्स्चेंजचे साधारण साडेदहा, वर जीएसटी सोळा. झाले सव्वाशेच्या आसपास. स्लिपेज, म्हणजे धरलेल्या आणि मिळालेल्या भावातला हा फरक, चार ऑर्डरना प्रत्येकी अर्धा रुपया, म्हणजे १५० रुपये. रोजचे पावणेतीनशे. वर्षात साधारण २४५ दिवस बाजार चालतो, म्हणजे पासष्ट हजारांच्या वर, आणि त्या एका लॉटला मार्जिन (ब्रोकरकडे अडकवून ठेवायची रक्कम) लागायचं सव्वादोन लाखांच्या आसपास. एक रुपया कमवायच्या आधी कॅपिटलच्या २९-३० टक्के खर्च! यात भाड्याचे ४,९९९ धरलेले नाहीत, ते वर्षाचे साठ हजार वेगळे.

आणि ८७ टक्के विन रेटबद्दल. समजा १०० दिवसांत ८७ दिवस रोज ९०० रुपये मिळाले, झाले ७८,३००. उरलेल्या १३ दिवसांत रोज ६,५०० गेले, झाले ८४,५००. शंभरातले ८७ दिवस जिंकून हातात उणे ६,२००. ऑप्शन विकणाऱ्याचा विन रेट जास्त असणारच, त्याचा धंदाच तो आहे, रोज आवळा गोळा करायचा आणि एक दिवस कोहळा देऊन यायचं. विन रेट सांगणारा सरासरी लॉस सांगत नसेल तर तो मुद्दामच सांगत नाहीये असं समजा.

स्टॉपलॉस म्हणून रिस्क फिक्स? एनएसईने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला बाहेर काढणारी) बंदच केली, आता ट्रिगर (ऑर्डर जागी होते तो भाव) आणि लिमिट (जास्तीत जास्त किती द्यायचे तो भाव) दोन्ही द्यावी लागतात. ट्रिगर १२५, लिमिट १३० दिली आणि भाव १२२ वरून थेट १४१ ला गेला तर ऑर्डर पेंडिंग राहते आणि तोटा चालू राहतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला तर एनएसईच ११:४० ला बंद पडली आणि पावणेचारला उघडली, तेवढा वेळ स्टॉपलॉस नावाची वस्तूच नव्हती. पण एवढं लांब जायला नको. माझ्याकडे एकदा कोडने हेज (मोठ्या तोट्यापासून वाचवायला विकत घ्यायचे ऑप्शन) घ्यायच्या आधी शॉर्ट लेग (विकायचे ऑप्शन) पाठवले, कॉल विकला गेला आणि पुट मार्जिन कमी म्हणून रिजेक्ट झाला, मी तेव्हा गॅस सिलिंडरवाल्याला ओटीपी सांगत होतो. परत स्क्रीनसमोर आलो तर मार्केट ७० पॉइंट वर आणि माझ्याकडे नुसता उघडा कॉल. तेव्हापासून कोडमध्ये पहिली ओळ हेजची, आणि हेजची ऑर्डर पूर्ण झाल्याशिवाय पुढची ऑर्डर जात नाही. लावा आणि विसरा म्हणणाऱ्याने हे कधी केलेलं नाही, किंवा केलंय आणि सांगत नाहीये. रोज सकाळी टोकनसाठी लॉगिन करावं लागतं, तेवढं तरी विसरून कसं चालेल?

महिन्याला ५ टक्के, यावर फार बोलत नाही, कॅल्क्युलेटर काढा. दहा लाखांचे दहा वर्षांत जवळजवळ ३५ कोटी आणि वीस वर्षांत बारा हजार कोटी होतात. बारा हजार कोटी ज्याच्या डोळ्यांसमोर आहेत तो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ४,९९९ साठी का येतो? बाजारात तुरी म्हणतात ते हेच. एक मात्र लक्षात ठेवा, ४० टक्के ड्रॉडाउन (घसरण) आला, दहाचे सहा लाख झाले, तर परत दहावर यायला ६७ टक्के लागतात, म्हणजे त्यांच्याच ५ टक्क्यांच्या वेगाने सलग अकरा महिने.

सेबी अप्रूव्ड हे तर सरळ खोटं आहे. फेब्रुवारी २०२५ च्या नियमांनी अल्गोची एक्स्चेंजकडे नोंद आणि ऑर्डरवर ओळख क्रमांक आणला, नियम न दाखवणारा ब्लॅक बॉक्स अल्गो विकायचा तर रिसर्च अॅनालिस्टची नोंदणी लागते. नंबर प्लेट आहे म्हणजे गाडी अॅव्हरेज चांगलं देते असं कोणी म्हणत नाही. उलट अल्गोच्या नावाने मागच्या किंवा पुढच्या रिटर्नचे आकडे मिरवू नका असं सेबीने ब्रोकरांना सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय.

मग रिझल्ट सुधारतात कशाने? माझे सुधारले ते फार बोअरिंग गोष्टींनी. रोजचा स्ट्रॅडल बंद केला आणि ट्रेड आठवड्याला दोनवर आणले, खर्च तिथेच निम्म्याहून कमी झाला. प्रत्येक ट्रेडला कॅपिटलच्या एक टक्क्यापेक्षा जास्त जाणार नाही एवढाच साइज, मग लॉट बसत नसेल तर ट्रेड नाही. री-एंट्रीचे (बाहेर पडल्यावर परत आत शिरायचे) दोन नियम काढून टाकले, ते बॅकटेस्टमध्ये फार छान दिसायचे. आणि स्विच बंद करायचा असेल तर आदल्या रविवारी लिहून ठेवायचं, सोमवारी सकाळी ठरवायचं नाही. यात एकही ओळ हुशारीची नाही.

हे सगळं दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग तुझे किती सुटतात?" मी खरं सांगितलं, गेल्या वर्षी सगळा खर्च जाऊन ११ टक्के, त्याच्या आदल्या वर्षी उणे ४.

"एवढ्यासाठी एवढा खटाटोप? त्यापेक्षा पोस्टात टाक की."

मी गप्प बसलो. उणे ४ च्या वर्षी बायकोही हेच म्हणाली होती.