विनोदी नट प्रयोगांवर घडतो, आणि आपण त्याला एकच प्रयोग देतो

६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात प्रशांत दामले यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. गोव्यात आपण सगळ्यांनी ती बातमी कौतुकाने वाचली. पण त्या आकड्यापाशी जरा थांबायला हवं होतं. आपल्या गावच्या उत्सवी नाटकांत हसवणारे नट आहेत, गाणारे तर घराघरांत आहेत. तरी हसवणारा आणि गाणारा असा एकच माणूस उभा राहताना क्वचित दिसतो. माझ्या मते त्याचं कारण या आकड्यातच आहे.

दामले यांना स्वयंपाकघरापर्यंत पोचवलं टीव्हीने, 'आम्ही सारे खवय्ये'ने. पण ते घडले 'टूरटूर'पासूनच्या नाटकांत. 'एका लग्नाची गोष्ट'मधलं सुखाबद्दलचं गाणं श्रीरंग गोडबोले यांचं, चाल अशोक पत्की यांची. ते गाणं रंगमंचावर गायचं, आधी आणि नंतर हशे घ्यायचे, आणि गाण्यात शिरताना पात्र सोडायचं नाही. पुढे राहुल देशपांडे यांच्याबरोबर 'संगीत संशयकल्लोळ'मध्ये त्यांनी फाल्गुनराव केला. एका दिवसात पाच प्रयोगांचा विक्रमही त्यांच्या नावावर आहे. एक नाटक अडीच तासांचं धरलं तरी साडेबारा तास होतात. हे नुसत्या गळ्याच्या ताकदीवर होत नाही. कुठे जोर लावायचा नाही, हे शरीराला पाठ व्हावं लागतं.

गाणारा विनोदी नट नेमका कुठे चुकतो ते पाहा. विनोदी पात्राचं बोलणं बहुधा चढ्या आवाजात असतं. त्याच चढ्या आवाजातून तो गाण्यात उतरतो आणि पहिलाच स्वर वर लागतो. उपाय तालमीत करायचा असतो. गाण्याआधीचं शेवटचं वाक्य मुद्दाम खाली आणायचं, त्याचा शेवटचा शब्द षड्जाच्या, म्हणजे गाण्याच्या 'सा'च्या, आसपास ठेवायचा. ऑर्गनवाल्याने त्याच वाक्याखाली हळूच सूर धरायचा. पण त्या वाक्याला हशा आला, तर सूर हशात बुडतो आणि नटाला तो ऐकूच येत नाही. म्हणून ऑर्गनवाल्याने हशा ओसरेपर्यंत सूर सोडायचा नाही आणि नटाने तो कानावर आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. प्रेक्षकांना हे दोन सेकंद जाणवतही नाहीत. बेसूर सुरुवात मात्र शेवटच्या रांगेलाही कळते.

तालाचंही तसंच. विनोदी पदात शब्द जास्त, श्वासाला जागा कमी. ज्या शब्दावर हशा यायचा, तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाकला की तबल्याच्या 'धा'खाली जातो. केरव्याचा ठेका डोळ्यांसमोर आणा: धा गे ना ती, न क धी न. पाचव्या मात्रेला खाली, म्हणजे बिनजोराची जागा, आहे, तिथे बायाँची (डाव्या हाताच्या तबल्याची) गूंज नाही. शब्द तिथे ठेवला की स्वच्छ ऐकू येतो. तबलजीने त्या ओळीपुरती लग्गी (ठेक्यातली जलद भर) आवरायची आणि नुसता ठेका धरायचा. आपल्याकडे भजनात मुरलेले तबलजी गावोगाव आहेत. त्यांना हे एकदा सांगितलं की पुरतं, पण सांगायला नटाला आधी माहीत हवं की त्याचा हशा नेमका कुठल्या शब्दावर येतो. आणि ते एका प्रयोगात कळत नाही.

हशा म्हणजे लाट. उठतो, टोकाला जातो, उतरतो. टोकावर असताना पुढचं वाक्य घेतलं तर ते वाया जातं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर सभागृह गार पडतं, पुन्हा तापवावं लागतं. अर्धा उतरला की बोलायचं. आता हा 'अर्धा' फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात वेगळा आणि मंदिरापुढच्या मांडवात वेगळा. उघड्यावर हशा विरून जातो, छताखाली तो परतून येतो. हा अंदाज कुणी वर्गात शिकवू शकत नाही. पहिल्या प्रयोगात नट घाबरून वाक्यं रेटतो. दुसऱ्या-तिसऱ्यात हशाची चटक लागून ताणतो, पदरची वाक्यं घालतो, नाटक वीस मिनिटांनी लांबतं. चवथ्या-पाचव्यापासून तो ऐकू लागतो. आणि आपलं गावचं नाटक पहिल्याच प्रयोगाला संपतं. दोन महिने तालमी, एक रात्र, पडदा.

टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम बघून तयार होणाऱ्या मुलांची वेगळी अडचण आहे. तिथे प्रहसन आठ-दहा मिनिटांचं, चुकलं तर पुन्हा घेता येतं, आणि हशा कुठे किती ठेवायचा ते संकलक ठरवतो. गाणं पुष्कळदा आधीच ध्वनिमुद्रित असतं. कॅमेरा जवळ असतो म्हणून भुवई हलवली तरी चालते. ही सवय घेऊन मुलगा रंगमंचावर आला की भुवई तिसऱ्या रांगेपुढे जात नाही आणि हशासाठी थांबणं त्याला ठाऊकच नसतं. उलट्या दिशेनेही तेच. रंगमंचावरचा नट कॅमेऱ्यापुढे गेला की आवाज निम्मा आणि डोळे त्याहून कमी करावे लागतात. यात कुठलं माध्यम कमी दर्जाचं असं नाही. टीव्हीची संधी मिळाली तर जरूर घ्यावी. फक्त विनोदाचा कान तिथे तयार होत नाही, तो आधीच तयार असावा लागतो.

आपल्याच मातीत प्रयोगसंख्येची दोन उदाहरणं आहेत. पेडण्या-डिचोलीच्या देवळांत येणाऱ्या दशावतारी मंडळ्या हंगामात जवळजवळ रोज उभ्या असतात. लिखित संहिता नाही, साथीला पेटी, मृदंग आणि झांज. त्यांचा संकासूर समोरच्या गावाला बघून बोलतो आणि हशा घेतो, कारण काल रात्री तो दुसऱ्या गावात तेच करून आलेला असतो. दुसरं तियात्राचं. १८९२ साली मुंबईत सुरू झालेला हा कोकणी नाट्यप्रकार आजही तिकिटावर चालतो, गाजलेल्या तियात्राचे शंभराहून अधिक प्रयोग होतात. एम. बॉयर यांच्यासारखा हसवणारा आणि कांतार (तियात्रातली गाणी) गाणारा कलाकार त्याच रंगमंचाने दिला. मराठी नाटकवाल्यांनी याच्याकडे आदराने बघून शिकावं, असं मला मनापासून वाटतं. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा तीही गावोगाव फिरणारी कंपनीच होती.

मग करायचं काय? एका तालुक्यातल्या पाच गावांनी एकच नाटक वाटून घ्यावं. उत्सवांच्या तिथी वेगवेगळ्या असतात, त्याचा इथे फायदा होतो. पाच प्रयोगांत मिळून कलाकार दोन-तीन गावांचे असावेत, म्हणजे 'आपलं नाटक' ही भावना जात नाही. बाहेरून येणाऱ्या स्त्री कलाकारांच्या आणि ऑर्गन-तबल्याच्या तारखा पाचही एकदम घ्याव्यात. दोन प्रयोगांत आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, टायमिंग सांडतं. प्रत्येक रंगमंचाची रुंदी आणि उंची आधी मोजावी, नाहीतर नेपथ्याचा दरवाजा विंगेत जातो आणि विनोदी पात्राची एन्ट्री अर्धी दिसते.

माइकचं विसरू नका, कारण अर्धे हशे तिथेच मरतात. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर हवा, उपरण्याखाली नको, कापड घासलं की खरखरतं. छातीवर हात मारून हसवायची सवय असलेल्या नटाला तो कपाळावर टोपाच्या कडेला लावावा. मध्यंतरात बॅटरी बदलावी, ती संपायची वाट बघू नये.

आणि प्रॉम्प्टरच्या हातात पेन्सिल द्यावी. संहितेच्या समासात, जिथे हशा आला तिथे रेघ. लहान हशाला एक, मोठ्याला दोन, अपेक्षित होता आणि आला नाही तिथे शून्य. दुसऱ्या दिवशी नट, ऑर्गनवाला आणि तबलजी यांनी ती वही घेऊन अर्धा तास बसावं. पाच रात्रींच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं, कुठलं वाक्य लेखकाचं आहे म्हणून सगळीकडे हसतं, कुठलं एकाच गावात हसलं, आणि शून्याच्या आधीचं वाक्य बहुतेक वेळा कुणीतरी घाईने घेतलेलं असतं.