उलटं चालणारी मुलं

मुलगी लिबरल आर्ट्स कॉलेजला जायचं म्हणतेय, असं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि पाचव्या मिनिटाला पुण्याहून आत्याचा फोन आला.

"काय रे, मार्क कमी पडले का?"

आवाजात एवढं सांत्वन होतं की घरात काही वाईट घडलंय आणि आपल्यालाच कळलेलं नाही, असं मला क्षणभर वाटून गेलं. मी तिला समजावलं की अमेरिकेतल्या या आर्ट्समध्ये फिजिक्स असतं, गणित असतं, कॉम्प्युटरसुद्धा असतो. कॉलेज लहान, जेमतेम दोन हजार मुलं. एम.ए., पीएच.डी.वाले जवळपास नसतातच, त्यामुळे प्राध्यापक स्वतः शिकवतात.

"मग आपल्याकडे कोण शिकवतं?"

"तसं नाही गं. आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निवडायचा."

"म्हणजे पैसे आधी आणि विषय नंतर?" आत्यानं विचारलं आणि फोन ठेवला. ती स्टेट बँकेतून निवृत्त झाली आहे.

खरं सांगायचं तर माझीही अवस्था आत्याहून फार वेगळी नव्हती. आमच्या वेळी कॉलेज निवडणं हा प्रकारच नव्हता. बारावीच्या पीसीएमच्या बेरजेनं आमचं कॉलेज निवडलं. बेरीज म्हणाली कऱ्हाड, आम्ही कऱ्हाडला. ते कॉलेज मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात बादली. आवडलं की नाही, हे मला आजतागायत कोणी विचारलेलं नाही.

इथे न्यू जर्सीत मात्र अकरावीतल्या पोरांना घेऊन आईबाप शेकडो मैल गाडी हाकत कॉलेजं 'बघायला' जातात. बघायला म्हणजे शब्दशः, स्थळ बघायला जावं तसं. पोहे तेवढे नसतात.

माझ्या मुलीनं सहा स्थळं काढली होती आणि एक्सेलमध्ये तक्ता केला होता. तक्ता बघून मला भरून आलं. पोरगी आपल्यावर गेली! मग रकाने वाचले. त्यात पगार नव्हता, प्लेसमेंट नव्हती, रँक होती ती शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात. पहिला रकाना होता 'शनिवार'.

"बाबा, वर्ग सगळीकडे चांगलेच असतात," ती म्हणाली. "पण ही कॉलेजं खेड्यात असतात. शुक्रवारी संध्याकाळी सगळे बॅगा भरून घरी गेले तर मी तिथे काय करू? अशा कॉलेजला सूटकेस कॉलेज म्हणतात. म्हणून शनिवारी कसं वाटतं ते बघायचं."

मी मनात हिशेब केला. या कॉलेजांचा वर्षाचा सगळा खर्च, राहण्याजेवणासकट, ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. रुपयांत गुणायचं नाही असं मी इथे आल्यावर स्वतःला बजावलं होतं, त्यामुळे भागाकार केला. वर्षाचे धरा तीस आठवडे, म्हणजे २१० दिवस. एक शनिवार साधारण ४३० डॉलरला पडतो. एवढ्या पैशात 'कसं वाटतं' हे बघायलाच हवं, हे मलाही पटलं. ही अर्थात छापील किंमत. ज्यांना परवडत नाही त्यांना कॉलेजं भरघोस मदत करतात, आणि आपल्याला किती मिळेल हे सांगणारा कॅल्क्युलेटर प्रत्येकानं ठेवलेला असतो. मी आमचे आकडे भरले. उत्तर शून्य आलं. आम्ही श्रीमंत आहोत ही बातमी मला त्या दिवशी कळली.

गाडीत तिघं होतो. बायको धाकट्याच्या सॉकरसाठी घरी थांबली. तिच्या जागी माझी आई, सहा महिन्यांसाठी आलेली. निघताना मुलीनं मला नियम सांगितले: टूरमध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, तिच्यापासून दहा फूट मागे चालायचं आणि 'आमच्या वेळी' असं कुठल्याही भाषेत म्हणायचं नाही. आजीला काही नियम लावायचं तिला सुचलं नाही. तिथेच चूक झाली.

पहिला मुक्काम पकिप्सीचा, वासार कॉलेजला. नावाचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा या गावात एकमेकांशी काही संबंध नाही. पण गावाचं नाव ऐकल्यावर आई ताठ बसली. "इथेच ना रे आनंदीबाईंची समाधी?" आधी तिकडे जायचं ठरलं. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत आल्या, राहिल्या रोझेलला, म्हणजे आमच्या एडिसनपासून पंधरा-वीस मैलांवर, कार्पेंटरबाईंच्या घरी. १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि त्या बाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं दगडावर कोरलंय. आईनं पर्समधून कुंकवाची डबी काढली, ती चाचपली आणि तशीच परत ठेवली. मग नातीला म्हणाली, "अठरा वर्षांची होती, बोटीनं आली. तिला कोणी कॅम्पस दाखवला नव्हता."

नात काही बोलली नाही. आम्ही माहितीसत्राला वीस मिनिटं उशिरा पोचलो, आणि तक्रार न करण्याची तिची आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

वासारची स्थापना १८६१ ची, संस्थापक मॅथ्यू वासार, धंदा बिअर गाळण्याचा. हे कळल्यावर आई हळूच म्हणाली, "दारूच्या पैशातनं कॉलेज?" मी म्हटलं, "आई, आपल्याकडे साखर कारखान्यांनी इंजिनीअरिंग कॉलेजं काढलीच की. आणि मळीचं शेवटी काय होतं?" ती विचारात पडली ती जेवेपर्यंत.

इतिहासात मी रमतो, त्यामुळे वाटेत गाडीत मी व्याख्यानच दिलं. विल्यम्स कॉलेज १७९३ चं. नाना फडणवीस हयात होते तेव्हा. १८२१ साली तिथले अध्यक्षच पंधरा विद्यार्थी घेऊन फुटले आणि ॲमहर्स्टला वेगळं कॉलेज काढून बसले. जाताना लायब्ररीतली पुस्तकंही पळवली, अशी एक दंतकथा आहे आणि त्यावरून दोन्ही कॉलेजं आजही एकमेकांना टोचतात. "म्हणजे अगदी आपल्यासारखं," आई म्हणाली. पुणेकराला संस्था फुटण्याचं काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच १८२१ साली विश्रामबागवाड्यात ती पाठशाळा निघाली जिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं, हे मी सांगणार होतो, पण मुलीनं कानात इअरफोन घातले होते.

आता मुख्य शनिवार. या कॉलेजचं नाव सांगत नाही. मुलगी तिथे अर्ज करणार आहे आणि आईचा पराक्रम त्यांच्या लक्षात असणार.

सकाळी साडेदहाला पोचलो. ऑक्टोबर महिना, झाडं केशरी-लाल, हिरवळ अशी की पाय ठेवायला संकोच वाटावा. आणि माणूस नाही. एकही नाही. दगडी इमारती, घड्याळाचा मनोरा, मधूनच धावणारी खार. आई म्हणाली, "संप आहे का रे?"

"आजी, झोपलेत सगळे."

"साडेदहाला?"

मी ४३० डॉलरला दोननं भागलं.

टूर सुरू झाली. गाइड तिसऱ्या वर्षातला मुलगा. ही मुलं चालतात उलटी. तोंड आपल्याकडे, पाठ पुढे, हातवारे, विनोद, पायऱ्या, वळणं, सगळं उलट्या पावलांनी. उलट्या पावलांनी चालणाऱ्यांबद्दल आईच्या काही ठाम, कोकणातल्या समजुती आहेत. ती पहिली दहा मिनिटं त्याच्या पावलांकडेच बघत होती. त्यानं लायब्ररी दाखवली, निळ्या दिव्याचा आपत्कालीन फोन दाखवला (हा प्रत्येक कॉलेजात दाखवतात, आणि तो कधी वापरावा लागलेला नाही असंही प्रत्येक जण सांगतो), आणि शेवटी हिरवळीवर आमचं कोंडाळं करून म्हणाला, विचारा प्रश्न.

पालकांनी नेहमीचे विचारले. मीही गर्दीचा फायदा घेऊन, अगदी दबक्या आवाजात, "वीकएंडला काय असतं?" असं विचारून टाकलं. दहा फुटांवरून मुलीची नजर आली. गाइडनं हसत यादी सुरू केली. वाद्यांशिवाय गाणारे सात गट, इम्प्रॉव्ह कॉमेडी, सफरचंदाचे डोनट, ग्रंथालयात परीक्षेच्या वेळी आणलेले कुत्रे. हे सगळं गेल्या कॉलेजातही होतं. कुत्रेसुद्धा.

तेवढ्यात आईनं हात वर केला. आई पेठेतल्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवत होती, त्यामुळे वाक्य कर्ता-कर्म-क्रियापदासह स्वच्छ आलं. तिनं विचारलं, रविवारी रात्री तू काय जेवतोस?

मुलगा थांबला. पुढे जाता जाता थांबला की मागे येता येता, ते आता सांगता येणार नाही, पण थांबला. पाठ केलेल्या कागदावर हे नसावं.

मग म्हणाला, डायनिंग हॉल उघडा असतो. पण पहिल्या सत्रात तो खोलीत एकटाच वाडगाभर सिरिअल खायचा. शनिवार कसाही जातो, त्यानं सांगितलं, सगळे जण शनिवारबद्दलच विचारतात. रविवारी संध्याकाळी मात्र घरी जाऊन आलेले परत येतात, अभ्यास राहिलेला असतो आणि घर आठवतं. पुढे त्याच्या मजल्यावरच्या एका मुलीनं प्रत्येक दारावर टकटक करून सगळ्यांना खालच्या स्वयंपाकघरात गोळा केलं. तेव्हापासून दर रविवारी पास्ता. "चांगला नसतो," तो म्हणाला, "पण असतो."

माझी मुलगी फोनवर टाइप करत होती. इतर टूरमध्येही ती फोनवरच असायची, पण या वेळी मी तिरक्या नजरेनं पाहिलं. तक्ता उघडा होता.

मला आठवलं कऱ्हाड. रविवारी दुपारी मेसमध्ये फिस्ट, पुरी-श्रीखंड, आणि रात्री मेस बंद. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या मेस रविवारी रात्री बंद असतात. पैसे असले तर स्टँडवर भुर्जी, नसले तर पार्ले-जी. अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून बूथवर रांग. माझा नंबर लागला की पलीकडून आईचा पहिला प्रश्न, "काय जेवलास?" मी मीटरचे लाल आकडे बघत म्हणायचो, "पुलाव." चार वर्षं. दर रविवारी पुलाव.

टूरनंतर पाहुण्यांनाही जेवणाची कुपनं मिळाली. साडेअकराला डायनिंग हॉल अचानक भरला. सगळं कॉलेज नाइटड्रेसमध्ये, पायांत सपाता, केस पिंजारलेले. एका कोपऱ्यात वॉफलचं यंत्र होतं, झाकणाच्या आत कॉलेजचं बोधचिन्ह, म्हणजे वॉफलवर ठसा उमटतो. आईला ते पाहून मोदकाचा साचा आठवला. तिनं पीठ ओतलं ते घावन घालताना ओततात तसं, सढळ हातानं. यंत्र मिटल्यावर ते चारी बाजूंनी बाहेर आलं आणि टेबलावरून खाली निघालं. मागे उभ्या असलेल्या, अंगावर गेंड्यांची चित्रं असलेला पायजमा घातलेल्या एका पोरानं न बोलता कागदी रुमाल आणले आणि दोघांनी मिळून ते पुसलं. मग त्यानं तिला नवीन वॉफल करून दिला. बोधचिन्ह स्पष्ट उमटलं होतं. लॅटिन ब्रीदवाक्यासकट आईनं ते मधाबरोबर खाल्लं आणि म्हणाली, "कच्चट आहे. पण पोरगा चांगला आहे."

रविवारी रात्री परत निघालो. ट्रॅफिक असं की हिंजवडीची आठवण यावी. मागच्या सीटवर आजी-नातीची बैठक बसली होती. 'शनिवार'च्या शेजारी नवा रकाना आला होता, 'रविवार रात्र', आणि त्यात आजी गुण सांगत होती, नात भरत होती. कुठल्या निकषावर, ते विचारायची मला परवानगी नव्हती.

हायवेच्या थांब्यावर फ्रेंच फ्राइज घेतले. थंडगार, वातड. गाडी सुरू केली आणि बायकोचा फोन स्पीकरवर आला.

"कुठपर्यंत आलात? जेवलात का?"

"हो, हो. मस्त."

"काय जेवलात?"

मी मांडीवरच्या तेलकट पिशवीकडे पाहिलं.

मागून आई हळूच म्हणाली, "पुलाव म्हण."