पाणी गेल्यावर घरी थांबायचं नसतं, वहिनी

गेल्या रविवारी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूरला भावाच्या घरी गेले, तर मागच्या न्हाणीतल्या चुलीवर तपेलीत कडुलिंबाचा पाला रटरटत होता. शेजारी ताटलीत तुरटीचा खडा आणि मेडिकलातून आणलेली रबरी पिचकारी. मला वाटलं कुणाला खरूज झाली. वहिनी म्हणाली, "नाही वन्सं, पोरीसाठी. नववा लागलाय न्हवं, आतून धुतलं की जंतू ऱ्हात नाहीत म्हणे."

म्हणे कोण? तर मोबाईल पुढं आला. दुहेरी बाण लावलेला लांबलचक मेसेज, खाली सही 'एक अनुभवी सुईण'. त्यात लिहिलेलं थोडक्यात असं: पोटातल्या बाळापर्यंत जंतू पोचतात हे थोतांड आहे. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटून पाणी गेलं तरी तीन दिवस निवांत घरी थांबा, नारळपाणी प्या, पाणी परत भरतं. ताप आला तर ती बाळंतपणाची उष्णता, एक गोळी घ्या. आठव्यापासून कडुलिंब-तुरटीनं आतून धुवा. अँटिबायोटिक घेतलंत तर बाळ मंदबुद्धी होईल. दवाखान्यात हात घालून तपासतात त्यानंच जंतू जातात. पूर्वी असलं काही नव्हतं. आणि हा सगळा खेळ सिझरच्या बिलासाठी.

मी 26 वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. आधी ती तपेली परसातल्या केळीच्या बुंध्यात ओतली, मग बोलायला बसले. तिथं जे बोलले तेच इथं लिहितेय, कारण हा मेसेज मला त्यानंतर आणखी चार जणींकडून आलाय.

धुण्यापासूनच सुरू करते, कारण बाकीचं ऐकून माणूस नुसता बसून राहील, हे मात्र पोरी खरंच करतात. योनीमार्गात जंतू असतातच आणि ते असायलाच हवेत. दह्यात असतात त्याच गोत्रातले. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात बाहेरचे वाईट जंतू वाढत नाहीत. तुम्ही पिचकारीनं कडू पाणी मारलं की आधी हे राखणदार वाहून जातात. मग मोकळ्या जागेत वासाचं पांढरं जाणं सुरू होतं, आणि त्याचा संबंध दिवस भरायच्या आत होणाऱ्या बाळंतपणाशी आहे. तुरटी तर आतल्या नाजूक कातडीला आवळते, सोलवटते. वर पिचकारीचा जोर. खाली जे काही आहे ते तुम्ही स्वतःच्या हातानं गर्भाशयाच्या तोंडाकडं ढकलताय. बाळंतीण झाल्यावर कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घाला, माझी ना नाही. बाहेरून. आतून काही म्हणजे काही घालायचं नाही.

'जंतू पोचतच नाहीत' हे त्याच्याच जोडीचं. पोचतात, आणि बहुतेक वेळा खालूनच चढतात. गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट बूच असतं, त्यावर पाणमोट. दोन्ही शाबूत असेपर्यंत बाळ बऱ्यापैकी सुरक्षित. पाणमोट फुटली की दार उघडं. चढणारे जंतूही काही परदेशातून येत नाहीत; आपल्याच आतड्यातले, योनीमार्गातले ई. कोलाय आणि ग्रुप बी स्ट्रेप नावाचे. पाणमोटीला, वारेला, पाण्याला त्यांची लागण झाली की आईला ताप भरतो, बाळाचे ठोके मिनिटाला 160 च्या वर पळतात, पोट दाबलं तरी दुखतं, पाण्याला घाण वास येतो. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असंही नाही. सुरुवातीला कधी कधी नुसती थंडी वाजते.

थंडीवरून आता ती गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच गावची आहे. सविता हलप्पनवार. बेळगावची लेक, दाताची डॉक्टर, लग्न करून आयर्लंडला गेलेली. 2012 च्या ऑक्टोबरात 17 आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या दवाखान्यात दाखल झाली. 22 तारखेला मध्यरात्रीनंतर तिची पाणमोट फुटली. गर्भ वाचणार नाही हे ठाऊक होतं. तिनं गर्भपात मागितला, पण बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून तिकडच्या कायद्याकडं बोट दाखवून नाही म्हणाले. 24 च्या पहाटे तिला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. तिला पांघरूण आणि पॅरासिटामॉल दिलं. साडेसहाला बघतात तर ताप 39.6, नाडी 160, घाण वासाचा स्राव. रक्तात ई. कोलाय. 28 ऑक्टोबरला ती गेली. वय 31. नंतरच्या चौकशी अहवालात स्पष्ट आहे की पाणमोट फुटल्यावर दर चार तासांनी ताप-नाडी बघायचा नियम त्याच दवाखान्याचा होता आणि तो पाळला गेला नाही. दुसऱ्या एका सरकारी तपासणीनं हुकलेल्या संधी मोजल्या, त्या 13 भरल्या. तिच्या मरणानं पेटलेल्या वादातूनच पुढं 2018 ला आयर्लंडनं सार्वमत घेऊन कायदा बदलला.

पाणमोट फुटल्यापासून त्या साडेसहापर्यंत चोपन्न तास. दवाखान्यात, खाटेवर, नर्सा आजूबाजूला असताना. आणि हा मेसेज सांगतोय तीन दिवस घरी थांबा! कणकुंबी-जांबोटीच्या रानातल्या वाडीत, जुलैच्या पावसात, ओढ्याला पाणी आलं की तास-तास गाडी जात नाही तिथं!

तापाची गोळी घेऊ नका असं मी म्हणत नाही. गोळी ताप उतरवते, जंतू मारत नाही. ताप दिसेनासा झाला की घरच्यांना वाटतं, बरं झालं. पाणी गेल्यावर 100.4 फॅरनहाइटच्या वर काटा गेला तर ती उष्णता नाही, ते निघायचं निमित्त आहे. आणि काटा खाली असला तरी पाणी गेलंय म्हणजे निघायचंच.

नारळपाण्याबद्दल थोडं मान्य करते. पाणमोट शाबूत असताना आतलं पाणी कमी असेल तर आईनं भरपूर पाणी प्यायल्यानं ते थोडं वाढतं, आणि फुटल्यावरही बाळाच्या लघवीतून पाणी तयार होतच राहतं. पण भोक सहसा बुजत नाही! फुटक्या घागरीत कितीही ओता. हेही सांगते म्हणजे कुणी उगाच घाबरून मरू नये: दिवस भरल्यावर पाणी गेलं तर दहातल्या सहा जणींना 24 तासांत आपसूक कळा येतात. बाळाला गंभीर लागण होण्याचा धोका एरवी 200 त एक असतो, तो 100 त एक होतो. म्हणजे धावपळ नको, पण तपासून घ्या, थांबायचं की कळा आणायच्या हे तिथं ठरू दे. दिवस भरायच्या आधी पाणी गेलं तर मात्र हा हिशेबच लागू नाही, तेव्हा लगेच.

अँटिबायोटिक आणि मंदबुद्धी. ह्या अफवेला एक खराखुरा धागा आहे, तो मी लपवणार नाही. ओरॅकल नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यातल्या ज्या बायकांना अकाली कळा आल्या होत्या पण पाणमोट शाबूत होती आणि लागणीची खूण नव्हती, त्यांना दिलेल्या अँटिबायोटिकनंतर सात वर्षांनी मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा न राहण्याचा आजार) थोडी जास्त दिसली. 2008 ला लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात आलं. म्हणून तशा बाईला उगाच देत नाहीत. पण ज्यांची पाणमोट आधीच फुटली होती अशा 4,826 बायकांच्या गटात एरिथ्रोमायसिन ह्या अँटिबायोटिकचा बाळांना फायदाच झाला, आणि त्यांच्या मुलांत सात वर्षांनी तसला तोटा दिसला नाही. त्यातलंच दुसरं औषध, को-अमॉक्सिक्लॅव्ह, बाळाच्या आतड्याला बाधलं, म्हणून ते टाळतात. लागण झालीच असेल तर अँपिसिलिन आणि जेंटामायसिन शिरेतून, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं. ते न देणं म्हणजे बाळाला जंतूंच्या पाण्यात बुडवून ठेवणं. आमच्या बेळगावच्या बायकाही अशा एका चाचणीत होत्या: सात देशांत 29 हजारांवर बायका, कळांच्या वेळी अझिथ्रोमायसिनचा एकच डोस. आईला जंतुदोष होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. बाळांना त्यातून फायदा नाही झाला, पण नुकसानही नाही.

हात घालून तपासण्याचा मुद्दा. इथं सुईणबाईंशी मला निम्मं तरी जुळवून घ्यावं लागतं, नाइलाजानं. पाणमोट फुटल्यावर पुन्हा पुन्हा आतून तपासलं की लागण वाढते, हे खरं आहे. मी नोकरी केली तिथं ड्युटी बदलली की नवा डॉक्टर नव्यानं बघायचा, शिकाऊ पोरं वेगळी, आणि मी बोलले की 'सिस्टर, तुमचं काम करा.' तेव्हा तुम्ही विचारा. "आत्ताच बघितलंय, परत कशाला?" असं विचारायचा हक्क आहे. म्हणून दवाखान्यातच जायचं नाही, हे कुठलं गणित?

पूर्वी नव्हतं? बाळंतज्वरानं बायका पटापट मरायच्या. 1847 ला व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं बाकीच्या डॉक्टरांना हात धुवायला लावले तेव्हा मरणं घटली. आमच्या आजीच्या सवती किती होत्या आणि का होत्या, ते घरात विचारा.

सिझरचं म्हणाल तर लागण झाली म्हणून सिझर करा असं कुठलंही पुस्तक सांगत नाही. बाळ लवकर बाहेर यायला हवं, एवढंच.

हा मेसेज पसरतो का, तेही मला कळतं. तो मराठीत आहे. गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी तायी कार्डावर बरंचसं कन्नड, उपकेंद्रातली बाई कन्नडच बोलणार, पोरीला विचारायला लाज. म्हणून भाचीकडून दोनच वाक्यं पाठ करून घेतली, 'नीरु होय्तु' आणि 'ज्वर बंदिदे'. पाणी गेलं, ताप आलाय. 108 ला तेवढं पुरतं. थर्मामीटर घेऊन दिला. पांढरं सुती फडकं कपाटात ठेवायला सांगितलं, पाणी गेल्यासारखं वाटलं तर ते लावून रंग आणि वास बघायचा, हिरवट किंवा घाण असेल तर क्षणभर थांबायचं नाही.

निघताना वहिनी दारात आली, चेहरा अजून पडलेलाच. "मग ती तुरटी काय करू वन्सं? वीस रुपयाची हाय."

"पावसाचं गढूळ पाणी येतंय नळाला," म्हटलं, "घागरीत फिरव."